पान बघू का, सर?

भुसावळला आमचा खेळ रविवारी दुपारी चारला सुरू होतो. मे महिन्यात मात्र सातला, गच्चीवर, कारण त्याआधी तिथल्या फरशीवर पाय टेकवत नाही. खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम, मी. खेळणारे चार. सावद्याचा विझार्ड, म्हणजे जादूगार, त्याची केळीची बाग आहे आणि कटाईच्या दिवसांत तो येत नाही. फैजपूरचा बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या. यावलची क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जखमा भरणारी. आणि वरणगावची रोग. हा शब्द मराठीत भलताच ऐकू येतो म्हणून आम्ही तिला चोर म्हणतो. यांतली यावलची आणि वरणगावची, दोघी माझ्या गणिताच्या क्लासच्या जुन्या विद्यार्थिनी. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, उरलेलं सगळं जग डीएम चालवतो, आणि एखादी गोष्ट जमली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकड्यात काय मिळवायचं, दोन फासे कधी टाकायचे, एका पाळीत काय काय करता येतं, याचे नियम तीन जाड पुस्तकांत आहेत. एका माणसाच्या डोक्यात ते मावत नाहीत. मावतात असं मी बरीच वर्षं समजत होतो.

चार महिने मी स्नीक अटॅकचा, म्हणजे चोराच्या जादा इजा करणाऱ्या वाराचा, नियम चुकीचा चालवला. चोराने बाण सोडला की मी विचारायचो, "लपलेली आहेस का?" ती म्हणायची, "नाही सर." "मग साधा बाण." खरा नियम असा आहे: तिच्याकडे ॲडव्हांटेज असेल, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा असेल, तर स्नीक अटॅक मिळतोच, पण नसला तरीही मिळतो, जर तिचा एखादा धडधाकट साथीदार त्या शत्रूच्या पाच फुटांच्या आत उभा असेल आणि तिला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा घ्यायची वेळ, नसेल. हत्यार फिनेस, म्हणजे चपळाईने चालवायचं, किंवा लांब पल्ल्याचं हवं, आणि एका पाळीत एकदाच. आमचा बार्बेरियन कायम शत्रूच्या अंगाला अंग लावून लढतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाणाला तो तिला मिळायला हवा होता. तिसऱ्या लेव्हलला शॉर्टबोचा, म्हणजे छोट्या धनुष्याचा, तिचा बाण सरासरी साडेसहा इजा करतो. स्नीक अटॅकचे दोन फासे धरले तर साडेतेरा. चार महिने ती निम्म्या ताकदीने खेळली, आणि एकदा मला म्हणाली की मी क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, बदलू का, माझा काही उपयोग होत नाही.

मग एका रविवारी तिच्या कॅरेक्टर शीटवर चहा सांडला. नवीन शीट उतरवायला मी तिची वही मागितली. दुसऱ्याच पानावर, पहिल्या आठवड्याची तारीख टाकून, निळ्या शाईत, तिच्या बारीक अक्षरात तो नियम लिहिलेला होता. अगदी बरोबर. खाली दोनदा रेघ. मी विचारलं, "अगं, तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हो सर. पण तुम्ही म्हणालात ना."

ते वाक्य मला रात्रभर लागून राहिलं. आपल्याकडे मोठ्यांना, सरांना, दादाला चारचौघांत "तुमचं चुकतंय" म्हणायची रीत नाही. घरात ती शोभते. खेळात मात्र त्या रीतीने एका मुलीचे चार महिने गेले. नियम कोणाला माहीत आहेत हा प्रश्न नव्हताच. टेबलावर माहिती होती. ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला वाट नव्हती.

वाट मला वडिलांनी दाखवली. ते रेल्वेत लोको पायलट होते. इंजिनात दोघं असतात, पायलट आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की असिस्टंटने तो मोठ्याने बोलायचा आणि पायलटने तोच पुन्हा मोठ्याने बोलायचा. "होम सिग्नल, हिरवा." "होम सिग्नल, हिरवा." वडील सांगतात, पोरगा काल नोकरीला लागला असला आणि माझी तीस वर्षं झाली असली, तरी त्याने बोलायचंच आणि मी ऐकून परत बोलायचंच. तिथे धाकट्याने बोलणं हा आगाऊपणा नाही. ती त्याची ड्युटी आहे.

त्या आठवड्यापासून आम्ही टेबलावर हेच आणलं. गेल्या दोन वर्षांत जे टिकलं ते पुढे लिहितो.

आधी पुस्तक एक करा

सर्वात जास्त भांडणं आवृत्तीवरून होतात, आणि भांडणारे दोघंही बरोबर असतात. आमचा फैजपूरचा गडी व्हिडिओ बघून शिकून आला. त्याने लढाईत कुऱ्हाड चालवली आणि त्याच पाळीत औषधाची बाटलीही प्यायला. "बोनस ॲक्शन आहे भो," म्हणाला, म्हणजे मुख्य कृतीशिवायची छोटी कृती. २०२४ च्या पुस्तकात तो नियम तसाच आहे. २०१४ च्या पुस्तकात बाटली प्यायला पूर्ण ॲक्शन लागते. अचानक हल्ल्याचंही तसंच: जुन्या नियमात गाफील सापडलेल्याची पहिली पाळीच जाते, नव्यात फक्त इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा, डिसॲडव्हांटेजने टाकावा लागतो. क्युअर वुंड्स हा जखमा भरणारा स्पेल, म्हणजे मंत्र, जुन्यात एक आठ बाजूंचा फासा, नव्यात दोन. खेळ सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा: आपण कोणती आवृत्ती खेळतो. इंटरनेटवरून काही उचलून आणलं तर आधी त्याचं साल विचारायचं.

पैशाचं म्हणाल तर एकाने पुस्तक घ्यावं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघावं, ही वेळ आता राहिलेली नाही. या खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग, एसआरडी ५.१ नावाचा, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झाला. २०२४ च्या नियमांवरचा ५.२ हा २०२५ मध्ये आला. मूळ पुस्तकातले सगळे क्लास, बरेचसे स्पेल आणि राक्षस, लढाईचे नियम त्यात आहेत. प्रत्येक क्लासचा उपप्रकार मात्र एकेकच. ही पीडीएफ प्रत्येकाच्या फोनमध्ये असलीच पाहिजे. आणि मूळ श्रेय नोंदवलंत तर त्याचं भाषांतर करून वाटायचीही मुभा आहे. आमच्या मराठी चिठ्ठ्या आम्ही त्यातूनच बनवल्या.

एके काळी उलट होतं. हा खेळ १९७४ साली आला, आणि १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात तर हल्ला लागला की नाही हे ठरवणारे तक्तेसुद्धा फक्त डीएमसाठी होते, खेळाडूंनी ते पुस्तक उघडू नये अशी अपेक्षा होती. आज ते सगळं खेळाडूंच्या पुस्तकात आहे. पण "नियम डीएमला माहीत असतात" ही सवय अजून गेलेली नाही.

नाव इंग्रजी ठेवा, अर्थ मराठीत सांगा

यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या टेबलांची ही खास अडचण आहे.

एकदा एका मोठ्या कोळ्याने विझार्डला जाळ्यात गुंडाळलं. मी म्हणालो, "तुला पकडलंय." त्याच्या पुढच्याच पाळीला एका गोब्लिनने, म्हणजे बुटक्या राक्षसाने, क्लेरिकचा हात धरला. मी पुन्हा म्हणालो, "तुला पकडलंय." क्लेरिक बिचारीने गदा मारताना डिसॲडव्हांटेजने दोन फासे टाकले. पुस्तकात या दोन वेगळ्या अवस्था आहेत. जाळ्यात अडकला तो रिस्ट्रेन्ड: हलता येत नाही, त्याच्यावरचे हल्ले ॲडव्हांटेजने, त्याचे स्वतःचे डिसॲडव्हांटेजने, डेक्सटेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईने संकट चुकवायचा फासा, तोसुद्धा डिसॲडव्हांटेजने. हात धरला ती ग्रॅपल्ड: २०१४ च्या नियमात फक्त जागचं हलता येत नाही, गदा मारायला काही अडचण नाही. मराठीत दोन्हीला मी एकच शब्द वापरला आणि तिचा एक चांगला घाव वाया गेला.

'लेव्हल'चंही असंच. सावद्याचा विझार्ड तिसऱ्या लेव्हलचा झाला तेव्हा त्याने फायरबॉल मागितला, कारण फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे. पण तिसऱ्या लेव्हलचे स्पेल विझार्डला पाचव्या लेव्हलला मिळतात. त्याचा काहीच दोष नव्हता, शब्द एकच आहे. तेव्हापासून आम्ही 'स्पेल-लेव्हल' आणि 'माणसाची लेव्हल' असं बोलतो.

म्हणून नियमाचं नाव पुस्तकात आहे तेच बोला, म्हणजे कोणालाही ते फोनमध्ये शोधता येतं. 'एकाग्रता' टाइप करून काही सापडत नाही, 'कॉन्सन्ट्रेशन' म्हटलं की लगेच सापडतं. अर्थ मात्र आपल्या भाषेत, आपल्या उदाहरणाने सांगा. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेल लक्ष देऊन टिकवणं, मी असं समजावतो: डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालायचं. दोन घागरी एकावर एक ठेवता येत नाहीत, म्हणून असा स्पेल एका वेळी एकच. कोणी धक्का दिला तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणाचा फासा, टाकायचा. दहा, किंवा लागलेल्या इजेचा निम्मा आकडा, यांतला मोठा तो गाठायचा. बावीस लागले तर अकरा.

चिठ्ठ्या वाटून घ्या

पाचव्या आवृत्तीत पंधरा अवस्था आहेत, आंधळा, विषबाधा, बेशुद्ध वगैरे. त्या मी सगळ्या पाठ करायचं सोडून दिलं. प्रत्येकाकडे त्याच्या पात्राचे नियम असतातच. त्याशिवाय टेबलाचा एकेक भाग आम्ही वाटून दिला. बार्बेरियनकडे ग्रॅपल, ढकलणं आणि प्रोन, म्हणजे आडवं पडणं. क्लेरिककडे मरणाच्या दारातले सेव्ह: दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश, तीन जे आधी होतील ते, एक पडला तर दोन अपयशं, वीस पडला तर एका हिट पॉइंटवर, म्हणजे जीवाच्या एका गुणावर, डोळे उघडतात. विझार्डकडे कॉन्सन्ट्रेशन आणि स्पेलचे आकार. चोराकडे लपणं, उजेड आणि आडोसा. माझ्याकडे राक्षस आणि सापळे. पोस्टकार्डाच्या आकाराचे पुठ्ठे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले. कोणी पडलं की मी क्लेरिककडे बघतो आणि विचारतो. मुद्दाम विचारतो, मला उत्तर माहीत असलं तरी.

या वाटणीचा फायदा मला आधी कळला नव्हता. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याला बोलायला परवानगी लागत नाही. "सर, चुकतंय" म्हणणं जड जातं. "सर, माझी चिठ्ठी आहे" हे सहज निघतं.

बोलायचं वाक्य ठरवून टाका

आमचं वाक्य आहे "पान बघू?" एवढंच. चूक कोणाची ते त्यात नाही. डीएमने म्हणायचं, खेळाडूनेही म्हणायचं. त्यावर डीएमची तीनच उत्तरं चालतात.

पहिलं: "बघ." मग फोन काढायचा, वेळ दोन मिनिटं. दुसरं: "नंतर बघू, आत्ता असं धरू." दोन मिनिटांत सापडलं नाही किंवा गोष्ट रंगात आहे, तर डीएमने निवाडा द्यायचा आणि तो त्या दिवसापुरता सगळ्यांनी मानायचा. तिसरं: "इथे मी मुद्दाम बदललंय." हे फार कामाचं आहे. कधी कधी त्या गुहेत उजेडाचा स्पेल खरोखरच लागत नसतो, आणि त्याचं कारण खेळाडूंनी अजून शोधायचं असतं. तिसरं उत्तर मिळालं की खेळाडू समजतो, ही चूक नाही, यात काहीतरी आहे. गुपितही राहतं आणि विश्वासही.

सुरुवातीला मुली हे वाक्य बोलेचनात. मग मी एक उपाय केला, तो कोणत्याही शिक्षकाच्या टेबलावर चालेल. पहिला महिनाभर मी दर रविवारी जाहीर करायचो: आज मी एक नियम मुद्दाम चुकवणार आहे, जो पकडेल त्याला इन्स्पिरेशन. म्हणजे एका फाशाला ॲडव्हांटेज. दुसऱ्या रविवारी वरणगावच्या चोराने मला दोन ठिकाणी पकडलं. एक चूक मी मुद्दाम केली होती. दुसरी खरी होती. मी इन्स्पिरेशन दोन्हींना दिलं.

आता बाण सुटतो तो असा. ती म्हणते, "शॉर्टबो, एकूण अठरा. बार्बेरियन त्याच्या शेजारी, डिसॲडव्हांटेज नाही, स्नीक अटॅक." मी म्हणतो, "अठरा, लागला. शेजारी, बरोबर. टाक फासे." दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. टेबलावरच्या प्रत्येकाला दर वेळी तो नियम ऐकू जातो आणि तिसऱ्या रविवारी तो नव्या माणसालाही पाठ होतो.

आपल्या विरुद्धचाही नियम सांगायचा

नियम फक्त फायद्याला आठवणारा खेळाडू सगळ्या टेबलाला दमवतो. त्याला गप्प करू नका. एकच अट घाला: दोन्ही बाजूंचं सांगायचं. सावद्याच्या विझार्डने हे ज्या दिवशी केलं तो दिवस माझ्या लक्षात आहे. त्याने क्लेरिकवर हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा स्पेल, टाकला होता, ती दुप्पट वेगाने पळत होती, लढाई जिंकल्यातच जमा होती. ऑगर नावाच्या धिप्पाड राक्षसाची गदा विझार्डला बसली आणि मी सेव्ह मागायला विसरलो, पुढच्या पाळीकडे वळलो. तो म्हणाला, "थांबा सर, माझा कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह राहिला." फासा चार पडला. हेस्ट गेला, आणि हेस्ट सुटला की ज्याच्यावर तो होता त्याची पुढची पाळी वाया जाते, तीही त्यानेच सांगितली. क्लेरिक जागच्या जागी अडकली. कोणी त्याला बोल लावला नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी वाद घालतो तेव्हा मी आधी ऐकतो आणि मग पुस्तक उघडतो.

राक्षसांच्या पुस्तकाचा प्रश्न वेगळा आहे. ट्रोलची जखम भरून येते आणि ती आगीने किंवा ॲसिडने थांबते, हे ज्याने वाचलंय त्याला विसरायला सांगता येत नाही. मी तसं सांगतही नाही. मी विचारतो, "तुझ्या माणसाने हे कुठे ऐकलं?" सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत चकवा लागला तर काय करायचं हे लहान पोरालाही माहीत असतं, आजीने सांगितलेलं असतं: उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं. ट्रोलच्या जंगलाशेजारी वाढलेल्या बार्बेरियनलाही कोणी आजी असेलच. त्याने ती आजी दोन वाक्यांत उभी केली तर त्याला ते माहीत आहे. नाही जमलं तर फासा टाकतो. लपवायचं ते गोष्टीतलं: खुनी कोण, दाराआड काय, पाटलाने कोणाशी संधान बांधलंय. नियमांत लपवण्यासारखं काही नसतं.

नवीन माणसाला पुस्तक देऊ नका. एक चिठ्ठी द्या, त्यावर त्याच्या पाळीत करता येण्यासारख्या पाच गोष्टी, आणि पहिल्या अर्ध्या तासात एक छोटी लढाई. आणि जुन्यांना बजावा: नियम सांगा, चाल सांगू नका. "इथून पळालास तर तो तुझ्यावर फुकटचा वार करेल" हा नियम झाला, तो सांगायलाच हवा. त्याच्या माणसाला आपण कुठे उभे आहोत एवढं कळतंच. "पळू नको, डिसएंगेज घे, म्हणजे वार न खाता सरक, मग दाराशी ये" ही चाल झाली. कॅरमभोवती उभं राहून "काट मार, काट मार" करणाऱ्यांमुळे खेळणाऱ्याची मजा जाते, तसंच इथे होतं.

वही

शंभर पानी वही, दहा रुपयांची असली तरी चालेल, पण ती असू द्या. पुढून ठरलेले घरचे नियम, मागून न सुटलेले प्रश्न. आमचा पहिला घरचा नियम फैजपूरच्या बाटलीचा आहे: स्वतः प्यायली तर बोनस ॲक्शन, दुसऱ्याच्या तोंडात ओतायची तर पूर्ण ॲक्शन. तारीख आणि चौघांच्या सह्या. ठरवताना सगळे हजर हवेत, आणि लढाईच्या मध्यात घरचा नियम ठरवायचा नाही, कारण तेव्हा प्रत्येकाला कोणीतरी जिंकायला हवं असतं.

खेळ संपला की शेवटची दहा मिनिटं वहीची. शेवभाजी येईपर्यंत मागच्या पानावरचे प्रश्न एकाने वाचायचे, बाकीच्यांनी शोधायचे. जुना निवाडा चुकला असेल तर पुढच्या वेळेपासून बरोबर नियम. झालेली लढाई उलटी फिरवत नाही. याला एकच अपवाद आहे: चुकीच्या नियमाने कोणाचं पात्र मेलं असेल तर आम्ही ती पाळी परत खेळतो, मग रात्रीचे अकरा वाजले तरी.

वही आता वरणगावच्या चोराकडे असते. मागच्या रविवारी तिने वाचलं: "जमिनीवर ओतलेलं तेल पेटलं. सर म्हणाले एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा)." क्लेरिकने फोनमधून वाचून दाखवलं, बाटलीभर तेल पाच फुटांचा चौकोन व्यापतं, दोन राउंड जळतं, पाच इजा, फासा नाही. तिने माझ्या नावापुढच्या ओळीवर निळ्या शाईने काट मारली, खाली पाच लिहिलं, आणि वर न बघताच पुढचा प्रश्न वाचायला घेतला.